टिकलीवरचा काटा

निपाणी, शनिवार, मे १९८३

मन थाऱ्यावर नाही. खरं तर नाचायला हवं होतं. इंग्लंडच्या फुटबॉलच्या पहिल्या विभागातला माझा संघ आज शेवटची मॅच जिंकला, खालच्या विभागात जाता जाता वाचला.

पण आप्पा! घरात रेडिओ एकच. मराठी बातम्या आणि माझी कॉमेंट्री एकाच वेळी. अख्खा सीझन भांडणात गेला. कर्नाटकात अडकलेली आमची निपाणी एकदाची महाराष्ट्रात गेल्याची बातमी स्वतःच्या कानांनी ऐकायची म्हणून आप्पांनी एक दिवस चुकवला नाही. मराठी स्टेशन झटकन लागावं म्हणून रेडिओच्या काचेवर नेमक्या त्या जागी आईची टिकली चिकटवलीय.

आज मात्र स्वतःच म्हणाले, "तुजं लाव रं. आमचं काय, रोजचंच हाय."

मी लावलं. लाज कशी वाटली नाही मला? ते अंगणात जाऊन बसले. मॅच संपल्यावर मी ओरडलो, तर तिथूनच विचारलं, "राहिला न्हवं वर?"

"व्हय आप्पा, राहिला."

"बरं झालं."

थकले का ते? की खरंच माझ्यासाठी? रेडिओ बंद करून जेवायला बसलो. आप्पा आत आले आणि बंद रेडिओचा काटा हळूहळू फिरवत पुन्हा टिकलीवर आणून ठेवला.