दम आणि दमा

आई, आज खूप वर्षांनी मुलींचा कबड्डीचा सामना बघून आले आणि कपडेही न बदलता तुला लिहायला बसले आहे. ओरडून ओरडून घसा बसलाय. शेजारी बसलेली बाई म्हणाली, "अहो, या वयात एवढं काय ओरडता?" तिला काय सांगू, ओरडायला मी तुझ्याकडूनच शिकले!

मुलुंडच्या आपल्या चाळीमागचं मैदान तुला आठवत असेलच. मी नववीत होते आणि संघातली सगळ्यात चपळ चढाई माझी, असं आमच्या खेळाच्या बाईच म्हणायच्या. त्या थंडीत मात्र काहीतरी बिनसलं. चढाई म्हणजे एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, दम तुटला की बाद. माझा दम दर वेळी तुटायला लागला. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं आणि मग खोकला, कोरडा ठणठणीत, कफाचं नाव नाही. पहाटेही तोच. तू ज्येष्ठमध चघळायला दिलास, अडुळशाचा काढा पाजलास, बाम चोळलास. घशाला बरं वाटायचं, छाती काही सुटायची नाही. शेवटी बाईंनी बजावलं, "आधी डॉक्टरला दाखव. अशी तू फायनलला नकोस मला." तू म्हणालीस, "बरां झालां! बंद कर तो खेळ." मी रडून चाळ डोक्यावर घेतली, तेव्हा कुठे तू मला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस.

तो दवाखाना मला अजून लख्ख दिसतो. डॉक्टर छाती तपासतात, काहीच सापडत नाही. विचारतात, "खोकला येतो कधी?" मी म्हणते, "धावले की." "मग धाव की! जिना वर-खाली कर बघू." मी जिना पळत चढते, उतरते, पुन्हा चढते. बाकावरचे पेशंट टकामका बघतायत आणि तू लाजेनं पदर तोंडाला लावून उभी. खाली येऊन टेकते न टेकते तोच खोकला सुरू. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात आणि चक्क हसतात. "सापडला!" मग कानातल्या नळ्या काढून सरळ तुझ्या कानात घालतात. "तुम्हीच ऐका. शीळ येतेय ना?" तू डोळे विस्फारून मान हलवतेस. "श्वासाच्या नळ्या आवळल्यात. म्हणून छाती दाटते आणि म्हणून हा खोकला. घशाचं दुखणं नाहीच हे, हा दमा. पंप लागेल."

"दमो?" तू नळ्या कानातून ओढून काढल्यास. "नको डॉक्टर, पंपाची सवय लागली की जल्मात सुटूची नाय. उद्या सून म्हणान हिका पदरात कोण घेतलो?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला पंप कसा ओढायचा ते दाखवलं, थोडा वेळ बसवलं आणि पुन्हा नळ्या तुझ्या कानात घातल्या. तू ऐकत राहिलीस. आधी कपाळाला आठ्या, मग तोंड उघडं. "गेली! डॉक्टर, शीळ गेली!" अशी किंचाळलीस की कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊनच आत धावला.

मग तुझ्या अंगात वारंच शिरलं. रॉकेलचा स्टोव्ह उचलून खिडकीशी नेलास, गाद्या उन्हात घालून बडवल्यास, डासांची कॉइल बंद. खेळाआधी पंप, मग हळूहळू अंग गरम करायचं, आणि कधी बोलताही येईना इतकं दाटलं तर घरी न थांबता तडक हॉस्पिटल, हे डॉक्टरांचं सांगणं तू मला जेवताना पाठ म्हणायला लावायचीस. अट एकच, कुणाला कळता कामा नये. पंप रुमालात गुंडाळून तुझ्याच पर्समध्ये.

फायनल घाटकोपरला होती. कनातीमागे लपून मी पंप घेतला आणि मैदानात उतरले. शेवटची चढाई माझ्यावर आली. दोघींना शिवले, परत फिरले आणि तिसरीने घोटाच धरला. तोंड मातीत, अंगावर पोरी, आणि माझं 'कबड्डी कबड्डी' चालूच. छाती मोकळी होती गं आई, संपूर्ण मोकळी! त्या सगळ्या गोंगाटातून तुझा आवाज आला, "दम सोडू नको गो!" मी हात ताणला, बोटं मध्यरेषेला लागली आणि शिट्टी वाजली.

पोरींनी मला उचललं, आणि गर्दी फाडून तू आलीस. अनवाणी, पदर सुटलेला, पंप उंच धरून, सगळ्या मुलुंड-घाटकोपरला ऐकू जाईल अशी ओरडत, "सरा गो सगळ्या! तिका आधी पंप घेऊ दे!" सगळं मैदान बघत होतं. मी पंप तोंडाला लावला आणि तू माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस.

तू गेल्यावर आता हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच टेबलावर. पण एक सांगून टाकते. तेव्हा मला पंपाची काहीही गरज नव्हती. तू एवढी धावत घेऊन आलीस, म्हणून घेतला.