करंगळीखालचं अक्षर

नांदेड,
मंगळवार, श्रावण वद्य पंचमी, शके १८७०

चिरंजीव रेणुकादास यास विमलअक्काचे अनेक आशीर्वाद.

वर श्री घातलेला नाही. घरात ह्यांच्यामागचं सुतकाचं वर्ष चालू आहे, तू समजून घेशील. मी बरी आहे. खाणावळीतलं तिखट तुला अजून बाधतं का? गुरुपादप्पांच्या अडतीवर टायपिंगचं काम कसं चाललं आहे, ते मागच्या पत्रात नव्हतं. इकडे गोदावरीला पाणी आलं आणि उतरलंही. अर्धापूरची केळी महिनाभर बाजारात नाहीत. गाडीवाले रस्त्याला यायला भितात.

हे पत्र टपालाने पाठवत नाही. टपाल फोडून वाचतात. शेजारच्या नीलाबाई लेकीच्या बाळंतपणाला तुझ्याच लातूरला निघाल्या आहेत, त्यांच्या डिंकाच्या लाडवांच्या डब्यात कागदाखाली हे ठेवते आहे. त्यांना वाचता येत नाही, आणि येत असतं तरी त्यांनी वाचलं नसतं. तू मात्र एकट्यानेच वाच आणि लगेच जाळ.

रविवारी दुपारी हणमंतराव आले होते. तुला आठवत असतील. ह्यांच्याच क्लासात सहा महिने टायपिंग शिकले आणि मग पोलीस कचेरीत लागले. ह्यांच्यामागे प्रथमच घरी आले. चपला काढून बाकावर बसले, मशीनकडे बघत राहिले.

"वैनी, मशीन विकली न्हाई म्हणा."

"नाही. झाकून ठेवली आहे."

"वाजवतं का कुणी?"

"कोण वाजवणार?"

मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात न देता बाकावर पसरला. इंग्रजीत टाइप केलेला होता, कार्बनची तिसरी प्रत असावी. "मजकूर वाचू नका. नुसतं बघा," म्हणाले. मी बघितलं. ओळीओळीत एकेक जागा रिकामी होती. जिथे जिथे ए हे अक्षर पाहिजे तिथे नुसती सावली, कुठे तीही नाही.

"मुदखेड टेशनावर एका उतारूच्या वळकटीत सापडला. उतारू पळाला," ते म्हणाले. "मास्तरांच्या मशीनचा टी वाकडा हाय. ह्यातला सरळ हाय. म्हणजे मशीन दुसरी. पण वैनी, मास्तर जाऊन अडीच महिने झाले, आन त्यांची करंगळी अजून चालून राहिली. ठाण्याचे अमीनसाहेब मला इचारतात, मेलेला माणूस टाइप कसा करतो? मी काय सांगू?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. शनिवारी अमीनसाहेब स्वतः येणार आहेत, क्लासचं रजिस्टर काढून ठेवा, जितके शिकून गेले तितक्यांची नावं पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. पाणी प्यायले. दारात वळून म्हणाले, "मी आलोच नव्हतो, बरं का."

ते मला सावध करायला आले होते, की माझा चेहरा कसा होतो ते बघायला अमीनसाहेबांनी पाठवलं होतं, मला कळत नाही. रविवारपासून भात लावते आणि तसाच झाकून ठेवते. रस्त्यावर बूट वाजले की ते पुढे जाईपर्यंत मी कडीला हात लावून उभी राहते. काल पोस्टमन पलीकडच्या घरी आला तर मी रजिस्टर उचलून धान्याच्या कणगीत घातलं, आणि मग बाहेर काढलं, कारण तिथे तर ते आधी बघतील.

त्या रजिस्टरात तुझ्या नावापुढे ह्यांच्या अक्षरात शेरा आहे. "डावी करंगळी दुखावलेली. ए उमटत नाही. सराव द्यावा." पानांना आकडे घातलेले आहेत. एक फाडलं तर दिसतं.

रेणू, तो कागद तुझा आहे हे मी बघताक्षणी ओळखलं.

तुझ्या करंगळीवर मुसळ पडलं तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. लोह्याला आपल्या घरी मी तीळ कांडत होते आणि तू मूठभर उचलायला उखळात हात घातलास. मुसळ माझ्या हातात होतं. आईने मला एका शब्दाने रागावलं नाही. ते बोट पुन्हा नीट वाकलं नाही.

क्लासात आलेल्या नव्या मुलाला हे पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नसत. आधी गोष्ट सांगायचे, ती तूही ऐकली आहेस. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रवाल्याने हे यंत्र काढलं. शिलाईची मशीन करणाऱ्या कारखान्याने ते बाजारात आणलं, म्हणून सुरुवातीला त्याला पायाने दाबायचा पायटासुद्धा होता. अक्षर खालून उमटायचं, म्हणून लिहिणाऱ्याला काय लिहिलं ते दिसत नसे. चार ओळी वर सरकल्या की मग कळायचं. अक्षरं आधी ए, बी, सी अशी क्रमाने होती, पण शेजारच्या अक्षरांच्या दांड्या एकदम उठून एकमेकींत अडकत, म्हणून त्याने त्या लांब लांब नेल्या, असं म्हणतात. मधल्या ओळीत एफ, जी, एच आणि जे, के, एल एवढी मात्र अजून शेजारी उभी आहेत. तेव्हा लोक दोन बोटांनी टाइप करत. दहा बोटांची रीत मागून आली. तोवर जागा ठरून गेल्या होत्या आणि ठरलेलं कुणी हलवेना. म्हणून ए हे सारखं लागणारं अक्षर सगळ्यात अशक्त बोटाखाली राहिलं.

तू विचारलं होतंस, "मग दाजी, माझ्यासारख्यानं काय करावं?"

"त्या अमेरिकनाला पत्र लिही," हे म्हणाले, आणि सगळा क्लास हसला. मग तुझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सराव कर."

तू केला नाहीस. तुला नेहमी घाई.

आता चैत्रातलं लिहिते. इतके दिवस टाळलं.

होळीला तू आठ दिवस इकडे होतास. दुपारी हे जेवून पडले की तू मशीनवर बसायचास. मला वाटायचं अडतीची पत्रं आहेत. तू गेलास आणि महिन्याने अमीनसाहेब चार माणसं घेऊन दारात उभे राहिले. त्यांच्याकडे एक कागद होता, संस्थानात जाळलेल्या गावांची हकीकत, मुंबईच्या वर्तमानपत्रांना पाठवलेली. वाकड्या टी वरून मशीन आमचीच हे त्यांना कळलं होतं. हात कुणाचा, एवढंच राहिलं होतं. "मास्टरसाब, आप बैठिये. यही मजमून टाइप कीजिये."

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते. ह्यांनी तो कागद वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा पुसून बसले आणि टाइप करायला लागले.

तुला माहीत आहे, ह्यांचा ए किती स्वच्छ पडायचा. पाच कार्बन घातले तरी पाचव्यावर उमटायचा. मला शिकवतानाही माझ्या हातांवर धोतराचं फडकं टाकून करंगळीवर नजर ठेवायचे. त्या दिवशी मी त्यांची करंगळी बघत होते. ती ए च्या कळेला टेकत होती आणि दाबत नव्हती.

अमीनसाहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "बस. मिल गया."

हे उठले. रोज क्लास सुटल्यावर घालतात तसं मशीनवर झाकण घातलं. माझ्याकडे बघितलं नाही.

तुला वाटत असेल की मला हे मागाहून समजलं. तसं नाही. मला तेव्हाच, पहिल्या ओळीतच समजलं होतं. "साहेब, हा ह्यांचा हात नाही, फळीवर ह्यांचे शंभर कागद आहेत, बघा," एवढं म्हणायचं होतं. फळी माझ्या डोक्यावरच होती. पण मग दुसरा प्रश्न आला असता, हात कुणाचा. मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. त्यांना घेऊन गेले.

तुरुंगात एकदाच भेट झाली, वैशाखात. हगवणीने हे निम्मे झाले होते. मी विचारलं, "असं का केलंत?" म्हणाले, "मशीनला तेल देतेस ना?" मग शिपाई जरा लांब गेला तेव्हा म्हणाले, "रेणूला निरोप दे. म्हणावं, करंगळीचा सराव कर. आता तरी."

तेराव्याला तू आलास. मशीनसमोर बसून राहिलास, हात लावला नाहीस. जाताना मला विचारलंस, "अक्का, दाजी माझ्यासाठी काही बोलले का?" मी नाही म्हणाले.

बोलले होते. मी सांगितलं नाही. तुझा राग आला होता मला. तू जिवंत होतास, जेवत होतास, म्हणून राग आला होता. आणि निरोप सांगायचा म्हणजे मला सगळं ठाऊक होतं हेही सांगावं लागलं असतं. वाटलं, तू भ्याला असशील, आता तू काही लिहिणार नाहीस. तू लिहीत राहिलास, आणि निरोप न मिळाल्यामुळे तसंच लिहीत राहिलास. मुदखेडला सापडलेला कागद त्यामुळे सापडला आहे. तो निरोप आता देते आहे. उशीर झाला आहे.

काय करायचं ते नीट वाच. पत्र मिळेल त्या दिवशी बार्शीकडे निघ. गुरुपादप्पांचे गाडीवान मलप्पा संस्थानच्या सरहद्दीपर्यंत वाटा ओळखतात असं तूच सांगितलं होतंस. कपडे घेऊ नकोस, मोकळ्या हाताने चाललेला माणूस कुणाच्या नजरेत येत नाही. शनिवारच्या आत तू पलीकडे असला पाहिजेस. सराव तिकडे गेल्यावर.

शनिवारी अमीनसाहेब आले की मी रजिस्टर देणार नाही. त्या कागदातला हात माझाच म्हणून मशीनवरचं झाकण काढून बसणार आहे. मला टाइप करता येतं हे हणमंतरावांनासुद्धा माहीत नाही. ह्यांनी दुपारी दार लावून शिकवलं होतं, लोक हसतील म्हणून मीच कुणाला सांगू दिलं नव्हतं. काल आणि आज, शेजारची पिठाची गिरणी चालू असते तेवढ्या वेळात मी बसले. ए वर करंगळी नुसती टेकवायची आणि बाकीची अक्षरं नेहमीसारखी मारायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. बोट शिकवल्याप्रमाणे दाबतंच. काल पाच कागद वाया गेले. आज दुपारी एक जमला. तुझा क्लासातला जुना कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला, तर माझं मलाच ओळखू येईना. मग दोन्ही चुलीत घातले.

गिरणी थांबली हे मला कळलं नाही. नीलाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, टिकटिक आयकू येतीया की! कुनी इचारलं तर उंदीर हायती म्हनू का?" मी मशीनवर झाकण घातलं. थोड्या वेळाने त्या स्वतःच आल्या, डबा पुढे केला आणि म्हणाल्या, "काय पाठवायचं आसंल ते घाला ह्यात. मी काय बी इचारत न्हाई."

एक अडचण राहिली आहे. हा कागद कुठल्या मशीनवर केला, असं ते विचारतील. गुरुपादप्पांचं नाव, लातूरचं नाव मी काढायचं नाही. खोटं मला सुचत नाही, आणि सुचलं तरी माझ्या तोंडावर दिसेल. मी काही सांगणार नाही. न सांगणं मला जमतं, ते तू वर वाचलंसच.

भीती वाटते. हे लिहितानाही वाटते, शाई दोनदा सांडली. ह्यांना त्या दिवशी वाटली असेल का, हे मी रोज मनाशी विचारते. करंगळी थरथरत नव्हती एवढं मी बघितलं आहे. माझी थरथरते. एका परीने बरंच आहे, ए आणखी फिका पडेल.

परत येण्याचा विचार करू नकोस. मी बोलावल्याचं पत्र आलं तरी येऊ नकोस, अक्षर माझं असलं तरी. पलीकडे मशीन मिळेलच. रोज सकाळी शंभर वेळा ए. एक फिका गेला तर पुन्हा पहिल्यापासून. हे असंच करून घेत असत.

मशीनला तेल दिलं आहे.

मुसळ जिच्या हातात होतं ती तुझी,
विमलअक्का