लहानूभाऊचा डावा हात

खुर्सीपार, भिलाई

माह्या सिंधुताईले पंचफुलेचा लय लय जय भीम.

तुहे गुडघे कसे हायेत? तुहे मालक, आमचे भाटवे, अजून बातम्या पाहता पाहता डाळीत बोटं बुडवतेत का? (म्या इचारलं म्हणून सांगू नको.) मी बरी हाव. जराशी फुगली, कावून का आजकाल दोघांचा चहा एकटीच पिऊन राहिली. त्याचीच गोष्ट सांगते.

आमच्या भिंतीले भिंत लागून राहणारे लहानूभाऊ तुले आठवतेत. नाव लहानू, अन् दारातून वाकून येते असा माणूस. मी तं आधीचीच एकटी, अन् बायको गेल्यापासून त्याईचा सकाळचा चहा माह्याकडं, संध्याकाळची भाकर बी माह्याकडंच. (मोहल्ला काय म्हणते ते तुह्यापर्यंत पोचलंच असंल.) थंडी लागली तवा त्याईले लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय अन् बोलणं, तिन्ही एकाच सकाळी गेले. दवाखान्यातून आणलं तं तोंडात एकच शब्द उरलेला, चहा. भूक लागली, चहा. पाय दुखला, चहा. माह्यावर चिडले, तरी चहाच! मी आपली करत गेली, अन् पीत गेली.

एक दिवस त्याईले पलंगावरून उठवून राहिली होती, तं त्याईनं डावं बोट आभाळाकडं करून गोल गोल फिरवलं. मले वाटलं, वर चाललो म्हणून राहिले. म्या घर डोक्यावर घेतलं वं! तं ते हासले, अर्ध्या तोंडानं. तवा उजेड पडला. साऱ्या नोकरीभर प्लांटात खाली उभं राहून क्रेनवाल्याले इशारे करणारा माणूस तो! बोट वर फिरवलं म्हणजे उचल, खाली फिरवलं म्हणजे उतरव, तळहात आडवा म्हणजे थांब. म्हणजे सिंधुताई, बुढ्यानं मले क्रेन करून टाकलं.

फक्त 'हळू' म्हणायले दोन हात लागतेत. एक इशारा करते, दुसरा त्याच्यावर आडवा धरा लागते. तो दुसरा काही येईना, म्हणून मी दणक्यानं उचलत राहिली. कसरत शिकवाले मोना येते नेहरू नगरहून. ती म्हणते, आंटी, उजव्या हाताशी बी बोलत जा. मंग मी बोलते. काहो, तुमी एकटेच रिटायर झाले का?

दुपारी अंगणातल्या मुनग्याच्या झाडाखाली बसतो. पांढरी फुलं त्या हातावर पडत राहतेत, त्याले पत्ता नसते. मी बी झटकत नाई. प्लांटाची घरघर येत राहते, दूर कोणी जातं फिरवल्यासारखी. वाटते, आमी दोघं एका दोरावर टांगून हाव, ना वर, ना खाली, अन् कोणालेच घाई नाई.

परवा आमी मुनग्याखालीच बसलो होतो, तं त्याईचा पोरगा राजदीप आला. बाबाले नागपूरले नेतो म्हणे. पोरगा चांगला हाय, म्हणूनच मले धाक पडला.

"मावशी, तुमी कवापर्यंत करान? अन् तुमी तं..."

"मी तं काय? बोल ना, बाबू."

त्यानं चहाचा कप उचलला. म्या म्हटलं, बाबालेच इचारू. "नागपूरले जाता का, लहानूभाऊ?" तळहात आडवा.

"पण लोक काय म्हणतीन?" राजदीप म्हणे.

तं माही जीभ घसरली. "मंग लगनच करतो आमी! काहो, करता का?"

डावं बोट वर उठलं. गोल फिरलं. राजदीपचा कप हातातच राहिला. अन् मांडीवरचा उजवा हात, वं सिंधुताई, फुलांसगट उठला. पोटापर्यंतच आला, पण तळहात आडवा होता.

उचल. पण हळू.

तुही,
पंचफुला

ता.क. राजदीप एकटाच परत गेला. जाताना माह्या पाया पडला, तं मीच लाजली.

ता.क. सध्या कोणाले सांगायचं नाई असं ठरलं हाय. म्हणून म्या फक्त बेबीताईले सांगितलं, म्हणजे साऱ्या खुर्सीपारले.

ता.क. पत्र याच्यासाठी लिहिलं का माह्याकडं लगनात नेसायले धड पांढरी साडी नाई. तुही घेऊन ये. भाटव्याईले बी आण, विहारात साक्षीदार लागतीन. अन् येता येता इचार करून ठेव, आता मी त्याईले काय म्हणू? भाऊ तं म्हणता येत नाई. ते मले चहा म्हणतेत.