किरकिऱ्याची चुगली

१२ फेब्रुवारी, सकाळचे अकरा

चि. बंड्या,

तुला आणि सूनबाईंना आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आहे की नाही, ते शेवटपर्यंत वाचून तूच ठरव.

मुंगी शाळेत गेली आहे. आई-बाबांच्या नव्या गावी कधी जायचं, हे आता आठवड्यातून एकदाच विचारते. पाढे सतराच्या पुढे सरकत नाहीत. वरचा एक दात काल पडला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, त्याला वायसर घातला. इमारतीची लिफ्ट परत बंद होती. कंपनीची दोन पोरं लॅपटॉप उघडून तासभर बसली, आणि शेवटी दाराच्या खाचेत अडकलेलं पेनाचं टोपण मी काढून दिलं. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यातलं एवढं अजून शिल्लक आहे. पण थकलो रे. जिने चढवत नाहीत आणि झोप तुकड्यातुकड्यांनी होते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. तीनदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. कागद बरा, तो मध्येच 'हं, पुढे?' म्हणत नाही.

रविवारी तू म्हणालास की सहलीच्या अर्जावर सही करणार नाही. पोर अकरा रात्री कोरडी राहिली आणि मग ओळीनं सात रात्री पुन्हा तेच. शाळेबरोबर दोन मुक्काम म्हणजे चारचौघांत तिची शोभा. अठराला मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन गोळ्या सुरू करू. तुझ्या फोनवर जे दिसतं ते पाहून कोणीही असंच म्हणेल. तुझ्यावर माझा राग नाही.

तू ते यंत्र आणून दिलंस तेव्हा मी हसलो होतो. चड्डीला लावायचा चिमटा, त्यातून निघालेली वायर, खांद्याशी अडकवायची डबी. मुंगीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव किरकिऱ्या ठेवलं. ती शाळेत गेल्यावर मी तो उघडून बघितला. दोन पत्र्यांमध्ये ओल आली की वीज वाहते आणि डबी बोंब मारते. लिफ्टच्या दाराचा स्विच यापेक्षा अवघड असतो. पहिला आठवडा तर शेजारपाजार जागा व्हायचा आणि ही बाईसाहेब ढिम्म. मीच उठायचो, तिला उभी करायचो, हात धरून मोरीपर्यंत न्यायचो. तू बजावून गेला होतास, "अण्णा, काही झालं तरी ओरडायचं नाही." मी ओरडलो नाही. एकदाही नाही. तुला हे खरं वाटणार नाही, आणि का वाटणार नाही ते मला माहीत आहे.

मग ती स्वतः उठायला लागली. पुढे डबी वाजायच्या आधीच उठायला लागली. तुझ्या फोनवर अकरा रात्री कोरड्या दिसल्या त्या याच.

आता मुद्द्यावर येतो. थंडीत माझं ऑपरेशन झालं, ते छान झालं, असं तुला कळवलं होतं. छानच झालं. डॉक्टर म्हणाले होते, "आजोबा, काही महिने लघवीवर थोडा ताबा राहणार नाही." हे वाक्य मी तुला कळवलं नव्हतं.

मी मुंगी उठायच्या आत चादर धुवायचो. लपवाछपवीत मी काही कच्चा नाही, पण आठ वर्षांच्या पोरीपुढे कोणाचं चालतं? एका सकाळी मी गॅलरीत चादर पिळत होतो, ही तोंडात ब्रश धरून मागे उभी.

"आजोबा, परवा पण चादर, काल पण चादर?"

"चहा सांडतो गं."

"चहाचा वास असा नसतो." तिनं चूळ भरली. "हा वास मला पाठ आहे. माझाच तर होता."

पिळलेली चादर परत पिळत राहिलो. ती आत गेली आणि किरकिऱ्या घेऊन आली. चिमटा साबणानं धुऊन आणला होता, हं.

"हा तुम्ही लावा. मला आता नको. दोन दिवस लाज वाटते, मग नाही वाटत. आणि मी कोणाला सांगणार नाही."

लावला. हसू नकोस. हसलास तरी चालेल. काम देतो रे तो, निदान वेळेवर जाग तरी येते.

मी चिमटा ओळखला, वायर ओळखली, बॅटरी ओळखली. पण डबी घरातल्या वायफायवरून तुझ्याकडे चुगली करते, हे या दीडशहाण्याच्या डोक्यात आलंच नाही. तिच्याही नाही. ओळीनं सात रात्री तुला जे दिसलं ते तिचं नव्हतं, बंड्या. माझं होतं.

रविवारी तू स्पीकरवर होतास. तू विचारलंस, "मुंगे, परत?" चिडून नाही विचारलंस, दमून विचारलंस. तिनं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होतो. स्वच्छ काच मी पुसत राहिलो. ती म्हणाली, "हो बाबा. झालं चुकून." मग तू सहलीचं सांगितलंस, तिनं ते ऐकून घेतलं. महिनाभर ती त्या सहलीची पिशवी भरते आणि रिकामी करते आहे. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मी सांगितलं नाही हां." आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची मला तीन दिवस लाज वाटते आहे.

आमच्या कामात वस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर पाना नंतर, आवाज आधी. दाराला तोंड लावून मोठ्यानं सांगायचं, "घाबरू नका, मी आलोय." मग खुशाल तासभर लागू दे. चाळीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही. अनोळखी माणसांसाठी.

घरात तू होतास. मुंगीएवढाच. ओली चादर खांद्यावर देऊन मी तुला जिन्यात उभं करायचो, कामावर जाणारी माणसं शेजारून जाईपर्यंत. तुझी आई मला सांगायची, "अहो, माझ्याच हातून पाणी सांडलं," आणि मी तिलाही खोटारडी म्हणायचो. तू रडायचा नाहीस, त्याचा मला जास्तच राग यायचा. वाटायचं, लाज वाटली की सुटेल. आता रोज सकाळी मला लाज वाटते. सुटत नाही. लाजेनं काही सुटत नाही, हे कळायला मला बहात्तरावं वर्ष लागलं.

तू त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाहीस. जाताना फक्त 'ओरडायचं नाही' म्हणालास. त्यात सगळं आलं होतं. माझं चुकलं रे. जिन्यात चुकलं आणि रविवारीही चुकलं.

आता कामाचं. मुंगी तेव्हापासून किरकिऱ्याशिवाय झोपते आणि रोज कोरडी उठते. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी रोज सकाळी टिंब काढतो, कालपर्यंत नऊ झाली. अकरा आणि नऊ वीस. यंत्र सुचवणाऱ्या डॉक्टरांनी ओळीनं चौदाच कोरड्या रात्री मागितल्या होत्या. अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे, सही करून पाठव. अठराची वेळ रद्द करू नकोस, तिच्याऐवजी मला ने. आज ती शाळेतून आली की सांगणार आहे की आजोबांनी बाबांना सगळं लिहून कळवलं. ती रागावेल. तिनं एवढं गुपित सांभाळलं आणि मीच फोडलं.

एक राहिलं. सुरुवातीला तिला उठवायचो तेव्हा सवयीनं तोंडातून तेच जायचं, "घाबरू नकोस, मी आलोय." काल पहाटे डबी वाजली, मी धडपडत उठलो, पायात चप्पल सापडेना. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून डोळे न उघडता ती म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. मी आहे." आणि कूस बदलून झोपली. मी खाटेच्या कडेवर बसून बराच वेळ रडलो. तुझी आई गेली तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

पत्र मिळालं की फोन कर. जिन्याबद्दल लगेच काही बोललं पाहिजे असं नाही, माफ केलं असंही म्हणू नकोस. नुसता आवाज दे. बाकीचं नंतर.

वाट बघतो आहे,
अण्णा