मटण सोडण्याची तीन कारणं

२२ फेब्रुवारी १९७१, सोमवार. सकाळ.
आजपासून मटण बंद. परमनंट. कोंबडी, अंडी, सुकट, सगळंच. कारणं तीन. एक, प्रकृती. दोन, भूतदया. तीन, सायन्स. (माणसाचे दात पालेभाजीसाठीच बनलेत असं हायस्कुलात मास्तरांनी सांगितलं होतं. बहुतेक.) गहिनीनाथाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

त्याच दिवशी, दुपारी.
गहिनीनाथ म्हणजे माझा चुलतभाऊ. बांधाला बांध, भिंतीला भिंत. दिवाळीनंतरच्या एकादशीला त्याने तुळशीची माळ घातली. त्याआधी हाच माणूस मटणाची नळी अशी ओढायचा की पलीकडच्या आळीत आवाज जायचा. आता म्हाताऱ्या त्याच्या पाया पडतात. शेवगावच्या यष्टीत कंडक्टर त्याला पुढची सीट देतो. आणि काल देवळात ठरलं, चैत्रातल्या सप्ताहात संध्याकाळची वीणा गहिनीनाथाच्या गळ्यात. संध्याकाळी कीर्तनाला अख्खा गाव येतो आणि येणारा प्रत्येक जण आधी वीणेकऱ्याच्या पाया पडतो. म्हणजे मीही पडायचं. मी त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा आहे.

माझ्याकडे काय, तर जत्रेचं मटण. अक्षय तृतीयेला भैरोबाची जत्रा, आणि गावजेवणाचं मोठं पातेलं बारा वर्षं मीच लावतो. मसाल्याचं प्रमाण कुणाला सांगितलेलं नाही. पण त्याला कोण विचारतो. धुरात डोळे जातात, लोक जेवतात, ढेकर देऊन घरी जातात. पाया कुणी पडत नाही.

२३ फेब्रुवारी
बायकोला निर्णय कळवला. गोजरबाई म्हणाली, बरं. नुसतं बरं. गहिनीनाथाने माळ घातली तेव्हा हीच बाई आळीभर सांगत फिरली होती, भावजींचा चेहराच पालटला म्हणून. माझ्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी आरशात पाहिलं. फरक आहे.

२७ फेब्रुवारी
पाच दिवस पूर्ण. येसर आमटी, शेंगुळे, येसर आमटी, पिठलं, येसर आमटी. अंग हलकं झालंय. डोकं दुखतं, पण तो आतला विषार बाहेर पडत असणार. संध्याकाळी शेजारच्या छगनकडे कोंबडी शिजत होती. कंट्रोल तपासावा म्हणून त्याच्या दारावरून तीनदा गेलो. चौथ्यांदा तो म्हणाला, या बसा.

२८ फेब्रुवारी
रस्सा म्हणजे कोंबडी नव्हे. रस्सा म्हणजे मसाला आणि पाणी. तत्त्वाला धक्का लागलेला नाही. वाटीत तंगडी आहे हे वाटी संपत आल्यावर लक्षात आलं. अन्न टाकणं पाप, म्हणून तीही. छगनला सांगून ठेवलंय, कुठे बोलू नकोस. उद्या एक तारीख. उद्यापासून धरायचं.

१७ मार्च
काल मढीच्या यात्रेत माळ घेतली. गहिनीनाथाच्या माळेपेक्षा मणी ठसठशीत आहेत. दुकानाच्या आरशात बघून तिथेच गळ्यात घातली आणि आज सकाळी तडक कानिफनाथआबांकडे गेलो. सप्ताहाचं सगळं आबांच्या हातात, वीणा कुणाला द्यायची तेही. आबांनी बराच वेळ माळेकडे पाहिलं. मग म्हणाले, "बन्सी, माळ म्हाराजाच्या हातून घालून घ्यायची असती. बाजारातनं टोपी आनल्यावानी न्हाई घालायची."

ओट्यावर गहिनीनाथ बसलेला होता. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, मला दोन शब्द बोलता आले असते.

२३ मार्च
काल एकादशीला महाराजांच्या हातून रीतसर माळ घातली. शपथ जन्मभराची. जन्मभर हा शब्द ऐकून जरा गरगरलं. उपास होता. आबा खूश झाले आणि सप्ताहात वीणा द्यायचं कबूल केलं. गहिनीनाथाचं तोंड पाहण्यासारखं होणार.

६ एप्रिल
वीणा मिळाली. दुपारी बारा ते दोन.

सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही, असा नियम. त्यामुळे भर दुपारीही कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. वर पत्रे तापलेले, खाली पाय भाजतात, गाव जेवून आडवं झालेलं. तीन दिवसांत पाया पडायला आलं माणूस एक. कडूबाई. तिला नीट दिसत नाही. डोकं टेकवून म्हणाली, गहिनीनाथ म्हाराज, लई बरं वाटलं. मी आशीर्वाद दिला. काय करणार.

संध्याकाळी त्याच्यापुढे पारापर्यंत रांग. रांगेत गोजरबाई. माझ्या वेळेला तिला दळण असतं.

१८ एप्रिल
जत्रेची मीटिंग झाली. मी उभा राहून स्पष्ट सांगितलं, माळकरी माणसाला मटणाचं मीठ चाखता येत नाही, तेव्हा यंदा पातेल्याचं तुमचं तुम्ही बघा. सगळे हवालदिल होतील असा अंदाज होता. छगन म्हणाला, मी लावतो. लगेच पुढचा विषय, कुस्त्यांचा.

ठीक आहे. छगनला चहा धड जमत नाही. जत्रेदिवशी गाव माझं नाव काढील. मसाल्याचं प्रमाण माझ्या डोक्यात आहे आणि तिथून ते बाहेर येणार नाही.

२५ एप्रिल
ते गोजरबाईच्याही डोक्यात आहे. छगनची बायको पुष्पावती विचारायला आली आणि हिने डबाभर मसाला कांडून दिला. मी म्हटलं, हे आपल्या घरातलं सिक्रेट होतं. तिने विचारलं, बारा वर्षं कांडलं कोणी?

२८ एप्रिल
जत्रा झाली.

माळकऱ्यांची पंगत वेगळी, देवळामागे लिंबाखाली. शिरा आणि वांग्याची भाजी. चार म्हातारे, गहिनीनाथ आणि मी. वारा नेमका पातेल्याकडून आमच्याकडे. तिकडे छगन, खांद्यावर पंचा, हातात पळी, भोवती हीऽ गर्दी. बन्सी पाहिजे होता, असं कुणीतरी म्हणेल म्हणून शेवटची पंगत उठेपर्यंत कान देऊन बसलो. अवंदा रस्सा झ्याक झालाय, हे तीनदा ऐकू आलं. एकदा गोजरबाईच्या आवाजात.

गहिनीनाथ नुसता शिरा चिवडत होता. मधेच म्हणाला, तू पातेलं सोडायला नको हुतं. मी त्याला प्रकृती सांगितली, भूतदया सांगितली, सायन्सला हात घालणार तोच तो खाली बघून बोलायला लागला.

"बारा वर्सं गाव इचारायचं, बन्सी आला का, बन्सीनं चूल पेटवली का. माजं नाव येकदा कुनी घेतलं न्हाई. लई जळायचो तुज्यावर. म्हनून तर माळ घातली."

हातातला घास मी परत ताटात ठेवला.

बारा वर्षं हा माणूस माझ्यावर जळत होता आणि मला एकाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय मजेत गेली असती ती वर्षं. आता कळलं, तर कुणी जळावं असं माझ्याकडे काही उरलेलं नाही.

दोघंही छगनकडे बघत बसलो.