परत वर गेला तो पाहुणा

सोमवार, ३ मार्च

चष्मा शोधतोयस ना? डोक्यावर आहे बघ! जो कोणी हे पुढे वाचेल तो विसरभोळाच असणार. आमच्या घराण्यात दुसरा प्रकार नाही. म्हणून तर लिहून ठेवायचं. मला अक्षर येत नाही — मी बोलते, सून लिहिते. माझ्या तोंडचं काही गाळायचं नाही अशी तिला ताकीद आहे. तिच्याबद्दलचं तर मुळीच नाही!

बातमी! नात शुक्रवारी समोरच्या विमानतळावर विमान उतरवणार! जन्मली तेव्हा अशी किंचाळली की आम्ही तिला टिटवीच म्हणतो. दूरच्या शहरात लांबलचक धावपट्ट्यांवर विमानं उतरवते. आपली धावपट्टी मात्र आखूड. घसरगुंडीवरून यावं तसं खाली यायचं आणि पाणी लागायच्या आत थांबायचं. त्याची वेगळी परीक्षा. परीक्षक शेजारीच बसणार. पास झाली तर नोकरी इथली, आणि राहणं माझ्या शेजारच्या खोलीत. नापास झाली तर ती तिकडेच, आणि आम्ही इकडे फोनला कान लावून.

मंगळवार, ४ मार्च

टिटवी उतरणार कुठे, त्या जागेचं आज सांगते. पूर्वी तिथे मालाची गोदी होती. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये लांबट धक्का. आमचे हे तिथे क्रेन चालवायचे. पुढे जहाजं लठ्ठ झाली, आत मावेनात, समुद्राच्या तोंडाशीच थांबू लागली. गोदी ओस पडली. हे घरी बसून माझ्या फडताळात क्रेन चालवू लागले — वरची भांडी खाली, खालची वर!

मग कुणीतरी म्हणालं, त्या धक्क्यावर विमान उतरवू. भर शहरात! "इथे हातगाडी वळवताना शिव्या खाव्या लागतात, विमान कुठलं?" सगळी गल्ली हसली. आणि एका रविवारी खरंच आलं! पंखेवालं, छोटंसं, नुसतं उतरून दाखवायला. मी गच्चीवर ओल्या चादरी घेऊन उभी. घार झडप घालते तसं खाली आलं, टेकलं, थांबलं! हे ओरडले, "एका दमात!" माझ्या हातची चादर थेट खालच्या रस्त्यावर. कुणाच्या डोक्यावर पडली ते विचारायला मी गेले नाही.

तेव्हापासून गल्लीचा कायदाच झाला: एका दमात उतरला तो वैमानिक, परत वर गेला तो पाहुणा.

बुधवार, ५ मार्च

सुनेनं आज भाजीत दोनदा मीठ घातलं. लिही, लिही! तुझंच आहे.

गुरुवार, ६ मार्च

विमानतळ झाला तेव्हा विमानांच्या वाटेत येतात म्हणून क्रेन कापल्या. यांचीही कापली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. आणि पुढच्याच महिन्यात तिथेच सामानाच्या गाड्या ओढायला लागले! "आधी जहाजाचं पोट रिकामं करायचो, आता विमानाचं," म्हणायचे. आमच्या इमारतीची उंच चिमणीसुद्धा छाटली. आधी पंखेवाली विमानं यायची, मग जेट आली — तीही लहान चणीची. मोठ्यांना अजून मज्जाव. हे असते तर उद्या... असो. थांबलीस का गं? लिही.

टिटवीचा फोन: "आजी, गच्चीवर गर्दी जमवू नकोस हं. लाज वाटते."

"मी कशाला जमवू? न्हाव्याला सांगितलंय."

तळमजल्यावरचा न्हावी! वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्याशी आणि डोळे आभाळात. कोण कसं उतरलं याचा निकाल तोच देतो, आणि आम्ही सगळे माना डोलावतो.

झोप कसली लागतेय!

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी सगळी इमारत गच्चीवर. आली! नाक खाली, सरळ रेषेत! सुनेनं माझा दंड असा दाबला की वळ उठलाय. चाकं टेकणार, आता टेकणार... आणि इंजिन गरजलं. विमान परत वर! पार ढगात!

न्हावी म्हणाला, "पाहुणी."

"तुझ्या जिभेला वस्तरा लाव आधी!" मी म्हटलं.

फेरी मारून ती पुन्हा आली आणि लोण्यावर सुरी फिरावी तशी उतरली. पण टाळी कुणी वाजवली नाही. मीही नाही. टिटवी समुद्र आटवते म्हणतात — आमची टिटवी आमच्याच दारच्या पाण्यापुढे माघारी फिरली.

तिचा फोन बंद. शेजारच्या खोलीत नवी गादी घातली होती, ती सुनेनं गुंडाळून ठेवली.

शनिवार, ८ मार्च

पास! पास! सकाळीच दारात उभी, बॅग घेऊन! म्हणाली, "अगं आजी, वाऱ्यानं विमान पुढे ढकललं, टेकायची खूण मागे राहिली. आखूड पट्टीवर खूण चुकली की वर जायचं — परीक्षक तेच तर बघत होते! म्हणाले, हट्टानं टेकवलं असतंस तर नापास केलं असतं."

म्हणजे गल्लीचा कायदा इतकी वर्षं उलटा!

सूनबाई, रडणं आवर, शाई पसरते. त्या परीक्षकांना डबा पाठव: ऊन पाव, जाड लोणी, चार उकडलेली अंडी — सोलून. टरफलं न्हाव्याकडे.