ठशावरून वाघ

भामरागड, १ जून १९८६
विद्यापीठाची चौथी आणि शेवटची मुदत आली. ३० सप्टेंबरपर्यंत प्रबंध नाही दिला तर पीएच.डी.तून नाव कटणार. देणारच. हॉजचं कन्जेक्चर, म्हणजे गणितातलं अजून सिद्ध न झालेलं अनुमान, साऱ्या जगाला जड गेलंय, पण मी ते फक्त सिम्प्लेक्टिक व्हरायटी नावाच्या आकारांपुरतं सोडवतोय. म्हणजे माफकच आहे.

डिग्री झाली की चंद्रपूरच्या कॉलेजात जागा. चार वर्षं अन्नपूर्णा गोंडपिपरीत नर्स, मी इथे आश्रमशाळेत मास्तर. एका संसाराच्या दोन चुली. पुरे झालं.

संकल्प: पहाटे चारला उठणे. रोज दोन पानं.

२ जून, सकाळी ८.४०
उठलो. घड्याळात दोष.

९ जून
डोकं मोकळं करायला वनमजूर पत्रूसोबत जंगलात. वाघ मोजण्यासाठी तो पावलांचे प्लास्टरचे ठसे घेतो. म्हटलं, माझंही हेच काम. हॉज क्लास म्हणजे ठसा. ठसा दिसला की मागे खराखुरा आकार असतोच, एवढंच दाखवायचंय. पत्रू म्हणाला, वाघ गेला त ठसा उमटतेच जी, पन ठसा दिसला म्हून वाघ भेटनच असं नाई. त्याचं शिक्षण कमी.

पुढे ताजा माग दिसला. मीच पुढे झालो. तासाभराने पाणवठा लागला, वाघ नाही. पत्रू म्हणाला, गुरुजी, बोटं कोन्या बाजूले हायेत थे पाहा लागते. तुमी वाघ जिकून आला तिकडं आले. आधी का नाही सांगितलंस असं विचारलं, तर म्हणे तुमी विचारलंच नाई. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

१४ जुलै
पर्लकोटा नदीला पूर. पूल पाण्याखाली, रस्ता बंद. नागपूरची लायब्ररीही बंद झाली, म्हणजे इतरांनी काय केलंय ते बघायला नको. काम जास्त स्वतंत्र होईल.

२ ऑगस्ट
अकरा दिवस एकाच ओळीवर. भात दोनदा करपला. वर्गात सातवीला चुकून पाढ्यांऐवजी कोहोमॉलॉजी शिकवली. मुलांनी उतरवूनही घेतली. मला फार भीती वाटते आहे.
(वरचं वाक्य खोडणे.)

५ ऑगस्ट, दुपारी
सुटलं. 'जर' आणि 'तर' यांची अदलाबदल केली आणि सगळं सरळ झालं. आठ वर्षं उगाच अवघड बाजूने शिरत होतो.

६ ऑगस्ट
अन्नपूर्णाला लिहिलं, चंद्रपूरला बदली लगेच माग. मागे तिने लिहिलं होतं, आधी निकाल तर लागू द्या. गणितात निकाल लागत नसतो, सिद्धता होते. कसं समजवायचं?

२६ ऑगस्ट
प्रबंधाची चौऱ्याऐंशी पानं युरियाच्या पिशवीत बांधून डोंग्यातून पलीकडे नेली. काठावर हवालदाराने उघडली. शीर्षकात 'मोटिव्ह' वाचून विचारलं, मोटिव्ह कोनाचा? म्हटलं, व्हरायटीचा. निरनिराळ्या ठशांमागचं एकच जनावर. त्याने वहीत नोंद केली: जनावर फरार.
तरी पार्सल टपालात पडलं.

१८ सप्टेंबर
गाइडसरांचं उत्तर नाही. वाचून अवाक झाले असणार. नावामागे 'डॉ.' लावून सही करून पाहिली. शोभते. रात्री झोप नाही, अन्नही जात नाही. आनंदानेच असेल.

२९ सप्टेंबर
एकदम दोन पत्रं.

गाइडसर लिहितात, प्रत्येक खऱ्या आकारातून हॉज क्लास मिळतो, हे तुम्ही चौऱ्याऐंशी पानांत सिद्ध केलंत. ते पाठ्यपुस्तकात अर्ध्या पानात आहे. प्रश्न उलटा होता.

अन्नपूर्णा लिहिते, तुमच्या शब्दावर बदली मागितली, मिळाली. एक तारखेला चंद्रपुरात हजर व्हायचंय. दोघांपुरती खोली पाहून ठेवली आहे. तुम्ही कधी येता?

सरकारी बदली इतक्या लवकर कधी होत नाही.

३० सप्टेंबर
मुदत संपली. पत्रूला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो. तो हसला नाही. त्याने विचारलं, किती चालले होते उलटे? म्हटलं, आठ वर्षं. म्हणाला, मंग वापस याले बी आठ लागतीन.

चंद्रपूर इथून गोंडपिपरीपेक्षा पन्नास किलोमीटर जास्त लांब आहे. हे मात्र मी दोनदा तपासलं.